जागेवरचं माणूस

बेबीनंदाचं लग्न झालं ते दोन हजार एक साली. आधी एका ठिकाणी सुपारी फुटली होती, ती मोडली. मग बदनापूरकडच्या एका घरानं होकार दिला, पण असा घाईत दिला की मुलीच्या बापाला दम घ्यायला फुरसत मिळाली नाही. "तारीख हीच. मांडव तुमचा. पुढं ढकलायचं असंल तर आमाला दुसऱ्या पोरी सांगून येऊन राह्यल्या," असं व्याही उभ्या उभ्या सांगून गेला. एकदा मोडलेली सोयरीक पुन्हा मोडली तर पोरीच्या नावाला बोल लागतो. कडूबानं बायकोकडं पाहिलं. गोजरबाईनं जमिनीकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कडूबा तातेराव मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसला.

तातेराव कडूबाच्या गावाच्या, केदारखेड्याच्या, शिवेला लागून असलेल्या गावचा. आधी तो ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर न्यायचा. आता त्यानं जालन्याला कचऱ्याचं काम धरलं होतं. माणूस बोलायला गोड. कुणावर ओरडलेला कुणी ऐकला नव्हता. त्यानं उचल दिली, घरानं राबून फेडायच्या बोलीवर. लग्न लागलं, पंगती उठल्या, पोरगी सासरी गेली, आणि मांडवाचे डहाळे वाळायच्या आत कडूबा, गोजरबाई, पोरगा रामकिसन आणि सून केशर असे चौघं घराला कुलूप घालून जालन्याच्या गाडीत बसले.

जालन्यात बियाण्याच्या कंपन्या आहेत. बियाण्याची मुदत सरली की ते विकता येत नाही, आणि औषध लावलेलं असल्यानं ढोरालाही घालता येत नाही. ते उचलून नेऊन निकाली काढायचा ठेका औरंगाबादच्या एका कचरा उचलणाऱ्या कंपनीनं घेतला होता. कंपनीनं गाड्या ठेवल्या होत्या, माणसं ठेवली नव्हती. माणसं तातेराव पुरवायचा. वसाहतीच्या मागं, जुन्या खदानीच्या काठाला, चारी बाजूनं पत्रे ठोकलेलं गोदाम होतं. आत एक बोअर, एक लिंबाचं झाड, आणि पत्र्याला पत्रा टेकवून केलेल्या दहा-बारा खोल्या. गेट एकच.

गाडी आली की बियाण्याच्या पिशव्यांचा ढीग पडायचा. बायांनी त्या विळ्यानं फाडायच्या, बी खदानीतल्या खड्ड्यात ओतायचं, पन्नी वेगळी, कापडी पिशवी वेगळी, पुठ्ठा वेगळा. बियाण्याला गुलाबी औषध लावलेलं असायचं. दोन दिवसांत हात मनगटापर्यंत गुलाबी व्हायचे आणि मग कशानंही उतरायचे नाहीत. राखेनं घासा, रॉकेलनं घासा, भाकरी थापली की भाकरीवर गुलाबी बोटं उमटायची. शेजारच्या खोलीतली कांताबाई परतूरकडची, तोंडानं तिखट. ती म्हणायची, "गोजराबाय, आपल्याला तर रोजच मेंदी लागून राह्यली. नवरा मातर त्योच जुना."

कडूबाकडं औषधाचे रिकामे ड्रम असायचे. छिन्नी लावायची, हातोडा हाणायचा, झाकण उडवायचं, तळाला राहिलेलं औषध खड्ड्यात उपडं करायचं आणि पत्रा ठोकून सपाट करायचा. पहिला घाव बसला की ड्रमातून वाफ निघायची. ती डोळ्यात जायची, घशात जायची. कडूबा तोंडाला टापर बांधायचा. संध्याकाळी टापर सोडलं तर त्यावर तोंडाच्या जागी पिवळा डाग पडलेला असायचा.

काम अवघड होतं, पण कामाला ही माणसं भ्यालेली नव्हती. गोजरबाई भ्याली ती पहिल्या बाजाराच्या दिवशी.

चौघंही धुतलेले कपडे घालून गेटाशी गेले. गेटावर शिवाजी नावाचा वॉचमन बसायचा. एका पायानं अधू, कायम बिडी ओढणारा. त्यानं चौघांकडं पाहिलं आणि विचारलं, "जागेवर कोन?"

"कोन म्हंजी?" रामकिसन म्हणाला.

"म्हंजी ज्याला जायचं त्यानं जावं. पर घरटी एक मानूस जागेवर पाह्यजे. असंच असतंय इथं." एसटीत कंडक्टर तिकीट विचारतो तितक्या सहज तो बोलला. शेवटी केशर मागं राहिली. तिघांनी बाजार केला, तिच्यासाठी भजी बांधून आणली. ती तिनं खाल्ली नाहीत.

मग तीच रीत पडली. कुणाची मयत झाली, कुणाचं बारसं असलं, तरी घरटी एक माणूस जागेवर. अख्खं घर एकदम बाहेर पडलेलं त्या गोदामानं पाहिलं नव्हतं. उचल फिटली का, किती राहिली, हे विचारलं की तातेराव हसून म्हणायचा, "आपलीच मानसं हायेत तुमी. हिशोब कुठं पळून चाल्ला का?"

चौदा एप्रिल आला. गावात असता तर कडूबा पहाटेपासून विहारापुढं झाडलोट करताना दिसला असता. इथं पोरं म्हणाली, जालन्याच्या मिरवणुकीला जायचं. शिवाजीनं नेहमीचं विचारलं, तेव्हा कडूबा पुढं होऊन म्हणाला, "मी हाय जागेवर. मला चालवत न्हाई आजकाल." तिघं गेले. कडूबा पांढरं धोतर नेसून, निळी टोपी घालून, उपड्या ड्रमावर दिवसभर बसून राहिला. लांबून बँडचा आवाज यायचा, वारं फिरलं की बंद व्हायचा. संध्याकाळी रामकिसननं विचारलं, "आबा, पाय दुखतेत का?" कडूबा म्हणाला, "हां, दुखतेत." त्याचे पाय धडधाकट होते.

वैशाखात पत्रे असे तापले की खोलीत भाकरी ठेवली तर ताटातच कडक व्हायची. अशा उन्हात एक दिवस दुपारी गेटावर ऑटो थांबला. त्यातून बेबीनंदा उतरली, आठवा सरत आलेला, पाठीवर पदर ओढलेला. मागून तिची सासू चतुराबाई उतरली.

"घ्या विहीणबाई, तुमची लेक," चतुराबाई म्हणाली. "पहिलं बाळंतपण माह्यरी. आमी रीत मोडत न्हाई." मग तिनं पदर नाकाला लावला आणि गोदामावर नजर फिरवली. "केदारखेड्याला गेल्तो आमी. कुलूप हाय. मंग हितं आनली. ह्येच माह्यर म्हनायचं का आता?"

गोजरबाईनं तिला पाणी दिलं. चतुराबाईनं तांब्या घेतला, त्यावरची गुलाबी बोटं पाहिली आणि न पिता खाली ठेवला. "ऑटोवाला खोळंबलाय," म्हणून ती गेली.

लेकीला कुशीत घेऊन गोजरबाई बसली. लेकीच्या अंगाला सासरच्या चुलीचा वास येत होता. पाय सुजलेले. "माय," बेबीनंदा म्हणाली, "हितं बाळंत व्हायचं का मी?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "आपल्या घरी. मी आन् तू, दोघी जाऊ. सुईण हाय, दवाखाना हाय, आपलं दार हाय."

तिसऱ्या प्रहरी तातेराव आला. पांढरी पँट, गळ्यात रुमाल. गोजरबाई डोक्यावरून पदर घेऊन पुढं गेली. कडूबा मागं उभा.

"दादा, लेकीला घिऊन गावाकडं जायाचं व्हतं. बाळंतपनाला. हे तिघं हायेत हितं कामाला. मी म्हैन्या-दोन म्हैन्यानं येते."

"जा की. कोनी अडवलं?" तातेराव म्हणाला. मग त्यानं बेबीनंदाकडं पाहिलं. "लेक मातर राहू द्या जागेवर."

गोजरबाईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अवो, तिच्याचसाठी तर जायाचं हाय."

"तुमी चौघं कामाचे. चौघातला एक कमी झाला तर मला कंपनीला जाब द्यावा लागतो. तुमच्या बदली तुमची लेक. बराबर हाय का न्हाई?"

"दादा, ती तुमच्यात न्हाईच. तिनं तुमचा दाना खाल्ला न्हाई."

तातेराव हसला. आवाज जराही चढला नाही. "कुनाच्या लग्नाला खर्चा केला मी, मावशी? तिच्याच ना? मंग सगळ्यात पहिली तीच मपली देनेकरीन."

गोजरबाईनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. कडूबा छिन्नीला धार आहे का ते अंगठ्यानं पाहत होता.

त्या दिवसापासून जायचं नाव निघालं नाही. बेबीनंदा चार दिवस खोलीत निजून राहिली. पाचव्या दिवशी तातेराव सहज म्हणावं तसं म्हणाला, "बसल्या बसल्या पिशव्या फाडायला काय जातंय? हात चालला की बाळंतपन सोपं जातं." बेबीनंदा बसली. संध्याकाळपर्यंत तिच्या बांगड्यांखालचं मनगट गुलाबी झालं. गोजरबाईनं लेकीचे हात स्वतःच्या मांडीवर घेतले आणि ओल्या फडक्यानं घासले, कातडी लाल होईपर्यंत घासले. रंग उतरला नाही. "ऱ्हाऊ दे माय," बेबीनंदा म्हणाली, "आग होऊन राह्यली."

याच दिवसांत गोदामात गडबड सुरू झाली. बियाण्याची कंपनी परदेशी माल धाडत होती. तिकडच्या घेणाऱ्यांनी विचारलं होतं, की तुमचा कचरा जे उचलतात त्यांच्या हाताखाली कुठं माणसं अडकवून राबवून घेतात का. बियाण्याच्या कंपनीनं ते कचऱ्याच्या कंपनीला विचारलं. कचऱ्याच्या कंपनीनं तोवर आपल्या खाली कोण राबतं हे डोकावून पाहिलं नव्हतं. आता तिनं त्या कामासाठी एक बाई नेमली होती, आणि ती बाई जालन्याला येणार होती.

तातेरावानं रबरी हातमोजे आणले. पाण्याचा नवा माठ आला. गेटाचं कुलूप निघालं आणि शिवाजीला त्या दिवसापुरतं लिंबाखाली झाडू मारायला लावलं. सगळ्यांना उभं करून तातेराव म्हणाला, "काय विचारलं तर सांगायचं, मर्जीनं आलो. इतकंच. खोटं थोडंच हाय? तुमाला काय मी बांधून आनलं?"

खरंच, बांधून कुणालाच आणलं नव्हतं.

कडूबाला तर पढवायची गरजच नव्हती. त्याचा बाप दगडूबा गावचा येसकर होता. पाटलाचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावाला पळायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि दारोदार भाकरी मागायची. धर्म बदलला त्या साली दगडूबानं येसकराची काठी चावडीच्या पायरीवर ठेवली आणि भरल्या चावडीला सांगितलं, "आजपासून मपल्या घरात वेठ न्हाई." कडूबा तेव्हा बापाचं धोतर धरून उभा होता. त्या एका वाक्यावर त्या घराची पाठ ताठ होती. कडूबा कुणाच्याही शेतावर राबला, पण बोली ठरवून राबला. मन विटलं तर खांद्यावर टॉवेल टाकून निघून आला. गावात सांगायचे, कडूबाला कामावर ठेवायचं तर आवाज खाली ठेवून बोलावं लागतं.

बाई जीपमधून उतरली. तिशीच्या आतली, सुती ड्रेस, पायात साधी चप्पल. नाव शिवकन्या. ती बोलायला लागली आणि बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या, कारण बोलण्याचा हेल इकडचाच होता. कडूबापुढं ती एका उपड्या ड्रमावर बसली. तातेराव गाडीच्या ड्रायव्हरशी बोलत लिंबाखाली उभा होता, पण कान इकडं होता.

"मामा, इथं तुम्ही तुमच्या मर्जीनं आहात का?"

"म्हंजी?"

"म्हणजे जावंसं वाटलं तर जाता येतं का?"

कडूबानं हातोडा खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. "बाई, तुमी कुठल्या?"

"जांब समर्थच्या."

"मंग तुमाला येसकर ठावं असंल. मपल्या बापानं येसकरकी सोडली, समद्या गावादेखत. आमी बिगारी न्हाई. पायानं आलो, पायानं जाऊ. आमाला कोन बांधनार?"

 शिवकन्याची नजर बेबीनंदाकडं गेली. "ही?"

"लेक. बाळंतपनाला आलीया."

"इथं?"

कडूबानं हातोडा पुन्हा उचलला. "हितंच," तो म्हणाला.

गोजरबाई तीन हातांवर बसली होती. तिच्या तोंडाशी शब्द आले होते. पण चार माणसांत, परक्या बाईसमोर, नवऱ्याला खोटं पाडायचं, आणि तेही त्याच्या बापाचं नाव घेऊन झाल्यावर? पस्तीस वर्षांच्या संसारात ते तिनं कधी केलं नव्हतं. तिनं पुढची पिशवी उचलली आणि फाडली.

"उद्या सकाळी खड्डा बघायला येते," असं म्हणून शिवकन्या उठली. जाताना तिनं बेबीनंदाचे हात पाहिले. नवे मोजे तिच्याजवळ घडी घालून ठेवलेले होते. मोठे होते, हातात राहत नव्हते.

जीप गेली आणि शिवाजीनं कुलूप लावलं.

दिवे लागायच्या वेळी गोजरबाई भाकरी थापत होती. कडूबा भिंतीला टेकून बसला होता. भाकरी उलथता उलथता ती म्हणाली, "गेट उघडं व्हतं आज. पायानं जाऊ म्हन्ला ना? जायाचं व्हतं. कोनी बांधलं व्हतं?"

"तू गप बस."

"तुमी खोटं बोल्ले असते तर मला येवढं लागलं नसतं. तुमाला ते खरं वाटतंय, ह्येचं मला भेव वाटून राह्यलं."

"मंग काय सांगू त्या बाईला?" कडूबाचा आवाज फुटला. "बाप मपला वेठ टाकून आला, आन् म्या उचल घिऊन पुन्यांदा आनली, आसं सांगू? माझ्या तोंडानं?"

"जयंतीला जागेवर कोन बसलं व्हतं? पाय दुखत व्हते का तुमचे?"

 कडूबा खोकत राहिला. बाहेर केशर भांडी घासायची थांबली होती.

तेवढ्यात आतून बेबीनंदानं हाक मारली. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं आईचा हात ओढून पोटावर ठेवला. "माय, दुपारपासून हालत न्हाई."

गोजरबाईनं पोट चाचपलं, कान लावला, पुन्हा चाचपलं. रामकिसन गेटाकडं पळाला. शिवाजी म्हणाला, "मुकादम म्हन्ल्याबिगर कुलूप निघत न्हाई, बाबा. मपल्या हातात काय हाय?" तो फोन करायला कोपऱ्यावरच्या टपरीवर लंगडत गेला, जाताना गेटाला बाहेरून कडी घालून गेला. परत येऊन त्यानं निरोप सांगितला. तातेरावानं म्हटलं होतं, पहिलटकरणीला असं वाटतंच, सकाळी बघू.

त्या रात्री त्या घरात कुणी डोळे मिटले नाहीत. झुंजुमुंजू झालं तेव्हा गोजरबाईच्या तळव्याखाली एक बारीकशी हालचाल झाली. मासा पाण्यात वळावा तशी. तिनं डोळे पुसले नाहीत. उठून तिनं गोधड्या बांधायला घेतल्या.

"काय करून राह्यली?" कडूबानं विचारलं.

"जायाचं हाय. समद्यांनी."

"तातेराव..."

"त्या बाईला म्या काही सांगनार न्हाई. तुमचा शबुद म्या मोडनार न्हाई. तुमी म्हन्ला पायानं जाऊ. चला, पायानं जाऊ. ती बाई हितं हाय तवर."

ऊन पत्र्यावर चढलं आणि जीप आली. ती आत येताच शिवाजीनं नेहमीसारखं कुलूप लावलं. तातेराव शिवकन्याला खड्ड्याकडं घेऊन गेला. ती नाकाला रुमाल लावून वाकून पाहत होती. इकडं खोलीतून रामकिसन निघाला, डोक्यावर गोधड्यांची वळकटी. मागं केशर, हातात भांड्यांचं बोचकं. मागं बेबीनंदा, एक हात आईच्या खांद्यावर, एक हात पोटाखाली. ढिगाजवळच्या बायांचे विळे थांबले. कांताबाई म्हणाली, "अगं बया, अख्खं घरच निघालं की!"

कडूबा मात्र आपल्या ड्रमापाशी बसून होता. तो बसून राहिला असता तर काहीच बिघडणार नव्हतं. लेक गेली असती. जागेवर माणूस राहिलं असतं. शिवाजीनं कुलूप काढलं असतं, आणि जांब समर्थच्या बाईला दिसलं असतं ते इतकंच, की एक घर गावाला चाललं आहे. गोजरबाईला ते कळत होतं. कडूबालाही कळत होतं. ती त्याच्यापुढं थांबली.

"उठा," ती म्हणाली.

"तुमी व्हा पुढं. पोरीला सांभाळ. मी हाय हितं."

"उठा, अवो."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण खदानीच्या काठावर शिवकन्यानं मान वळवली. कडूबानं बायकोकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. बेबीनंदाचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं छिन्नी ड्रमावर ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठला. कुणाच्या हातात जास्तीचं ओझं आहे का पाहिलं आणि केशरच्या हातातलं बोचकं आपल्याकडं घेतलं.

पाचही जण गेटाशी आले. शिवाजी स्टुलावर होता. त्यानं माणसं डोळ्यानं मोजली, बिडी कानावर ठेवली आणि रोजच्या सवयीनं, रोजच्याच आवाजात विचारलं:

"समदेच? मंग जागेवर कोन?"

बोलून झाल्यावर त्याला मागून येणारी शिवकन्या दिसली. पण शब्द बाहेर पडला होता.

"जागेवर कोण म्हणजे काय?" शिवकन्यानं विचारलं.

शिवाजी उभा राहिला, अधू पाय ओढत बाजूला झाला. तातेराव भराभर चालत आला. हसत होता, पण मानेवर घामाचे ओघळ. "मॅडम, ते काही न्हाई. खोल्यांकडं ध्यान द्यायला मानूस ठेवतेत हे लोकं. चोऱ्या लई होतेत इकडं. विचारा ह्या कडूबालाच. कालच बोल्ला ना तुमाला, मर्जीनं हाय म्हनून."

शिवकन्या कडूबाकडं वळली. "मामा?"

सगळं गोदाम बघत होतं. कांताबाई विळा हातात घेऊन उभी होती.  गोजरबाई खाली मान घालून, लेकीला धरून उभी राहिली. तिला जेवढं करता येत होतं तेवढं तिनं केलं होतं.

कडूबाला खोकल्याची उबळ आली. ती जिरेपर्यंत त्यानं एका हातानं गेट धरलं. मग तो म्हणाला, "बाई, काल म्या गर्वानं बोल्लो. घरटी एक मानूस ठेवल्याबिगर हितून कोनी भाईर पडत न्हाई. बाजाराला न्हाई, मातीला न्हाई. ही पोरगी..." त्यानं बेबीनंदाकडं बोट केलं, "ही तर कामाची बी न्हाई. हिला मायच्या बदली ठिवली. ह्याला आमच्यात वेठ म्हन्तेत. ही वेठ हाय. आन् ती म्या घेतली, मपल्या हातानं."

शेवटचे शब्द नीट ऐकूसुद्धा आले नाहीत.

"कडूबा," तातेराव म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "लेकीच्या मांडवात कुनाचं जेवलास रे?"

"तुमचं," कडूबा म्हणाला. "त्येच्यापायी वरीस भरलं. पोरगी न्हाई भरनार."

शिवकन्यानं शिवाजीपुढं हात केला. शिवाजीनं एकदा तातेरावाकडं पाहिलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं स्वतः कुलूप काढलं. बेबीनंदाला जीपमध्ये पुढं बसवलं, बाकी मागं बसले आणि गाडी सरकारी दवाखान्याकडं वळली. रस्त्यात गोजरबाईनं हळूच विचारलं, "बाई, आन् ते उचलीचं?"

"ती मागायला तो दारात आला तर मला कळवा," शिवकन्या म्हणाली. "असली उचल कायद्यानं फेडावी लागत नाही."

गोजरबाईचा त्यावर विश्वास बसला नाही. पण तातेराव नंतर दारात आला नाही, हेही खरं.

बेबीनंदाला दवाखान्यात आठ दिवस ठेवून घेतलं. मग ती केदारखेड्याला, आपल्या घरी गेली आणि ज्येष्ठात तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. वजनाला कमी, पण रडायला खणखणीत. गोजरबाईनं आधी तिचे तळहात उलगडून पाहिले. गोरे, सुरकुतलेले, स्वच्छ होते.

इथं गोष्ट सरळ होत नाही. कंपनीनं आधी काय केलं, तर गोदामच बंद केलं. तातेरावाचा ठेका काढला, पत्र्याच्या खोल्या रिकाम्या केल्या आणि परदेशी घेणाऱ्यांना कळवलं की आमच्याकडं असलं आता काही नाही. दहा-बारा घरं एका दुपारी रस्त्यावर आली. राजूरच्या बाजारात कांताबाई गोजरबाईला आडवी आली. भर बाजारात हात नाचवून म्हणाली, "तुपली लेक बाळंत झाली, पेढे वाट! आमच्या चुली इझवल्या की गं, गोजराबाय! वेठ तर वेठ, दोन टायमाला भाकर व्हती."

गोजरबाईनं ऐकून घेतलं. कांताबाई दमून बसली तेव्हा तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "चल, त्या बाईकडं जाऊ. तू बी हेच बोल तिच्याम्होरं. आसंच बोल."

दोघी औरंगाबादला गेल्या. कांताबाई ऑफिसात शिवकन्यापुढं आणि तिच्या साहेबापुढं तशीच बोलली, हात नाचवून. साहेब म्हणाला, ठेकेदार काढला, आणखी काय करायचं? शिवकन्या म्हणाली, "ठेकेदार काढायला सांगितला होता, सर. माणसं काढायला नाही." त्या दिवशी काहीच ठरलं नाही. दोघी परतल्या. पुढं ती बाई कुणाकुणाशी भांडली ते या दोघींना कळलं नाही. दसऱ्यानंतर सांगावा आला, की गोदाम उघडतंय. मुकादम नाही, पगार ज्याचा त्याच्या हातात. औषधाचं बी आणि ड्रम आता भट्टीला जाणार, हातानं फाडायचं फक्त कोरं सामान. गेटावर शिवाजीच होता, पण कुलूप कंपनीनं काढून नेलं होतं. पहिला महिना तो माणसं बाहेर पडताना उगाच उठून उभा राहायचा, काय विचारावं ते न सुचून.

रामकिसन, केशर, गोजरबाई कामावर गेले. कांताबाईही आली. गोजरबाईशी ती संक्रांतीपर्यंत बोलली नाही, मग एकदा तंबाखू मागितली आणि बोलायला लागली. मुकादमाविना माणसं जमेनात, तेव्हा कंपनीचा साहेब दुसरा एक मुकादम घेऊन आला होता. त्यानं उचलीची गोष्ट काढताच बाया विळे ठेवून उठल्या आणि गेटाबाहेर जाऊन सावलीत बसल्या. त्यांना आत आणायला शिवकन्यालाच यावं लागलं. तो मुकादम पुन्हा दिसला नाही.

कडूबा मात्र कामावर परतला नाही. त्याला चालताना धाप लागायची. बेबीनंदा माहेरी आली की ओसरीत नातीला मांडीवर घेऊन बसायचा. कुणी विचारलं, "कडूबा, जालन्याला किती दिस व्हता रे?" तर पूर्वी तो विषय बदलायचा. शेवटी शेवटी सांगायला लागला. कुणी उचल घेऊन निघालं आहे असं कानावर आलं की काठी टेकत त्याच्या दारात जायचा आणि सगळं सांगायचा, जयंतीच्या दिवसासकट. काही जण ऐकून गावातच राहिले, काही जण तरी गेले.

दोन हजार चारच्या माघात त्याची छाती भरून आली. रामकिसन जालन्याला कामावर होता. सकाळी निरोप गेला, तसा तो आणि केशर हातातलं टाकून निघाले. गोजरबाई त्याच्या दुखण्यापायी काम सोडून घरीच होती. बेबीनंदा मुलीला घेऊन सासरहून आली. दुपारी चौघंही उशाशी होती. कडूबानं एकेकाकडं पाहिलं, पाणी मागितलं आणि दोन घोट घेतले.

दिवस मावळायच्या आत कडूबा मेला. त्याच दिवशी, पूर्णेच्या काठी, रामकिसननं त्याला अग्नी दिला. तातेराव मुकादम त्यानंतर दोन वर्षांनी मेला, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली सापडून. गोजरबाई अजून आहे.